मैत्रीला आणायला हाँगकाँगला

हाँगकाँगला जाऊन आले म्हटलं की नागपुरात प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारतो, साप खाल्ला का? नाही बाबा, नाही खाल्ला. मात्र साप मोजायला शिकले. साप, मासा, रस्ता आणि पॅन्ट या चार गोष्टी तिकडे एकाच शब्दाने मोजतात, आणि तो शब्द पोरांच्या तोंडात कसा बसतो हे बघण्यात माझा बराचसा मुक्काम गेला. ज्यांना उंच इमारतींची आणि रोषणाईची वर्णनं हवी असतील त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी गाठावं. मी ज्या कामाला गेले होते त्याचंच सांगणार आहे.

नागपूरच्या धंतोली भागात माझी वाचा-उपचाराची खोली आहे. ज्यांची लेकरं बोलत नाहीत किंवा अडखळतात, असे आईबाप गोंदियापासून बुलढाण्यापर्यंतचे येऊन बाहेरच्या बाकड्यावर बसतात. त्यामुळे माझी भाची सुजाता रडत फोनवर म्हणाली, "मावशी, मैत्री बोलून नाही राहिली वं," तेव्हा मी आधी मावशी झाले की डॉक्टरीण, ते मला सांगता येणार नाही.

सुजाता आणि तिचा नवरा प्रशांत दोघंही तिकडे कॉम्प्युटरच्या नोकरीत. मैत्री चार वर्षांची व्हायची होती. इंग्रजी शाळा परवडण्यासारखी नव्हती आणि राहायचं तिथली भाषा यावी असंही त्यांना वाटत होतं, म्हणून तिला जवळच्या कँटोनीज बालवाडीत घातलेलं. आधी थोडं थोडं बोलायची. मग वर्गात गप्प झाली, पुढे घरीही बोटाने दाखवण्यावर आली. बाई म्हणाल्या, तपासून घ्या. प्रशांतने ठरवूनच टाकलं की वर्षभर तिला नागपूरला आजीजवळ ठेवायचं, एकाच भाषेत राहिली की जीभ सुटेल. म्हणजे मी जायचं, बघायचं आणि परत येताना पोरीला घेऊन यायचं. माझ्या परतीच्या तिकिटासोबत तिचंही तिकीट निघालं. इकडे माझ्या ताईने, म्हणजे मैत्रीच्या आजीने, नातीसाठी छोटा पलंगसुद्धा करून घेतला.

ताय पो

हाँगकाँग म्हणजे नुसत्या इमारती असं समजून गेले होते. त्यांचं घर ताय पो नावाच्या गावात आहे आणि खिडकीतून हिरवेगार डोंगर दिसतात. घर मात्र एवढंसं. आमच्या सीताबर्डीच्या कापडदुकानात कपडे घालून बघायची जागा असते ना, तशी त्यांची न्हाणी. आत शिरलं की दार लावायला आधी पोट आत घ्यावं लागतं.

"जयभीम मावशी," म्हणत प्रशांतने बॅगा उचलल्या. हा मूळचा सावनेरकडचा, बाप कोळशाच्या खाणीत होता. मनाने फार चांगला, पण प्रत्येक गोष्ट नेटकी लागते. पायातल्या चपलासुद्धा त्याच्या सरळ रांगेत. मैत्री त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे टकामका बघत होती. संत्रा बर्फीचा डबा उघडला तशी खाली उतरली, एक वडी घेतली आणि पुन्हा खांद्यावर जाऊन बसली. तोंडातून अक्षर नाही.

रात्रीच्या जेवणाला प्रशांतने मला त्यांचा रोजचा खेळ दाखवला. तो समजायला आधी तिकडची पद्धत सांगायला हवी. कँटोनीजमध्ये 'दोन मासे' असं नुसतं म्हणता येत नाही. आकडा आणि वस्तू यांच्या मध्ये एक शब्द घालावाच लागतो आणि तो वस्तूप्रमाणे बदलतो. लांबुडक्या गोष्टींना 'थिउ'. कागद, टेबल, पलंग अशा पसरट गोष्टींना 'चंग'. गोळी, बटण, चांदणी यांना 'लप'. जनावरांना 'चेक', पण कप आणि चमचाही त्यातच. आणि माणसांना व इतर पुष्कळ गोष्टींना 'को'. आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. आपण 'चार जण' म्हणतो, कोथिंबिरीची जुडी म्हणतो, केळ्यांची फणी म्हणतो. आमच्या गल्लीत भाजी विकणारी छत्तीसगडची बाई दोन नगांना 'दू ठन' म्हणते. पण आपण शंभरातल्या चार गोष्टींना करतो ते हे लोक शंभरच्या शंभर गोष्टींना करतात.

प्रशांतने क्लास लावून हे सगळे शब्द पाठ केले होते. त्याने वरणाच्या वाटीजवळचा चमचा उचलला आणि म्हणाला, "सांग बेटा, याले काय लागते?"

मैत्रीने बापाच्या तोंडाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "को."

"को नाही. आठव बरं. मांजराले लागते तेच."

ती आठवत बसली. चमचा हवेत, वरण निवतंय. शेवटी सुजातानेच दुसरा चमचा दिला. मी प्रवासाने इतकी आंबले होते की मला त्यात बापाचं कौतुकच दिसलं. पोरगी जेवली नीट, एवढंच लक्षात ठेवून झोपले.

बाजार

सकाळी दोघं कामावर गेली की बालवाडीची वेळ सोडून मैत्री शेजारच्या फोफोकडे असते. फोफो म्हणजे आईची आई. सगळी इमारत त्या बाईला याच नावाने हाक मारते. तिची नात का-यान मैत्रीच्याच वर्गात आहे आणि मैत्रीच्या वाटणीचंही बोलणं तीच उरकून टाकते. मला कँटोनीज येत नाही, फोफोला मराठी, हिंदी, इंग्रजी यातलं काहीच नाही. तरी पहिल्याच दिवशी आम्ही गुडघेदुखीवर सविस्तर बोललो. गुडघा दाखवायचा आणि तोंड वाकडं करायचं, पुढचं आपोआप समजतं.

फोफो आम्हाला मासळीबाजारात घेऊन गेली. जमीन ओली, मासे टबात जिवंत, वर तांबडे दिवे. एक मासा उडी मारून माझ्या चपलेवर आला आणि मी अशी किंचाळले की अख्खा बाजार हसला. का-यानचं तोंड चालूच. बोट दाखवत सुटली होती. मासा, को. छत्री, को. कुत्रा, को. रस्त्यावरची बस, तीही को. मला वाटलं, फोफो आता टोकेल. फोफोने टोकलं नाही. मासा म्हटल्यावर ती सहज 'थिउ' लावून काहीतरी म्हणाली, म्हणजे हो ग, केवढा मासा आहे, असलं काहीतरी असणार. आणि पुढे चालू लागली. मासेवाल्यानेही तेच केलं. पोरीने 'को' म्हणून मागितलं, त्याने 'थिउ' म्हणून दिलं. चूक कुणी काढली नाही आणि बरोबर शब्द मात्र पोरीच्या कानावरून गेला.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यामुळे कानात अडकली. का-यान शब्द चुकायची, पण जागा चुकायची नाही. आकडा आणि वस्तू यांच्या मध्ये काहीतरी यायचंच. जशी आपल्याकडची पोरं खुंटीवर बापाचा सदरा नाही तर आईची पिशवी अडकवतात, पण खुंटी मोकळी सोडत नाहीत.

मला धीर आला. सुजाताने शिकवलेला आकडा आणि माशाचा शब्द जोडून मी मासेवाल्याला म्हटलं, "लोंग यू!" म्हणजे दोन मासे. मध्ये काहीच नाही. तो थांबून माझ्याकडे बघत राहिला. भाजीत मीठ विसरल्यावर आपण बनवणारीकडे बघतो ना, तसा. तेवढ्यात माझा पदर ओढला गेला. मी वाकले. मैत्रीने माझ्या कानाला तोंड लावून फुंकर मारल्यासारखं म्हटलं, "थिउ."

मी ते तसंच मोठ्याने म्हटलं. मासेवाला खूश झाला, दोन मासे पिशवीत पडले आणि मला माशांचं भानच राहिलं नाही. पोरीला येत होतं!

संध्याकाळी सांगितलं तर सुजाता डोळे पुसायला लागली. प्रशांत विचारात पडला. "येते तिले, त मंग बोलत काहून नाही, मावशी?"



चहाघर

रविवारी फोफोच्या लेकीने, म्हणजे का-यानच्या आईने, आम्हा सगळ्यांना चहाघरात नेलं. तिचं नाव लिंग, इंग्रजी छान बोलते. तिकडे रविवारी सकाळी कुटुंबंच्या कुटुंबं चहाला जातात आणि चहासोबत टोपल्याच्या टोपल्या येतात. वाफवलेले कोळंबीचे मोदक म्हणू का? म्हणते, आकार तसाच असतो. आतलं सारण आमच्या ताईने ऐकलं तर ती कान धरेल, पण मी एकटीने दोन टोपल्या संपवल्या.

माझ्या कपात लिंगच्या नवऱ्याने चहा ओतला. समोर फोफोच्या कपात ओतला तर ती दोन बोटांनी टेबलावर टकटक करायला लागली. लिंगनेही तेच केलं. मला वाटलं, यांना घाई झाली आहे, वेटरला हाक मारताहेत. आपणही मदत करावी म्हणून मी टेबल असं जोरात वाजवलं की खरंच वेटर धावत आला. मग कळलं, चहा ओतणाऱ्याला ते बोटांनी धन्यवाद म्हणत होते. आपल्याकडे आपण 'बस बस' म्हणत चहा थांबवतो, हे लोक बोटं वाजवून मान देतात.

लिंगला मी विचारलं की इतके सगळे शब्द तुमच्या पोरांना शिकवतं कोण?

तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "शिकवतं म्हणजे? का-यान सगळ्यालाच को म्हणते. तिच्या वर्गातली सगळीच म्हणतात. आता आता कधीमधी जनावरांना चेक म्हणायला लागली आहे. मोठी होत होत बाकीचं येतं. आणि घाईत मीसुद्धा म्हणते की को."

प्रशांत ताठ बसला. "सगळी पोरं?"

"सगळी," लिंग म्हणाली आणि त्याच्या कपात चहा ओतला. तो बोटं वाजवायला विसरला.

मला सुपारीची सवय आहे. जेवण झाल्यावर पिशवीतून अडकित्ता काढला. पितळी, पोपटाच्या आकाराचा. का-यानने असली वस्तू जन्मात पाहिली नव्हती. तिने तो हातात घेतला, चोच उघडझाप केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चेक!"

म्हणजे जनावर. लिंग म्हणाली, छे, सुरीसारखा आहे, सुरीला आणि छत्रीला लावतात तो 'पा' लावायला हवा. फोफोला पटेना. तिच्या मते हा लहानसा आहे आणि पोपट तर आहेच, का-यानचं बरोबर आहे. लिंगच्या नवऱ्याने तिसराच शब्द काढला. मग ती तिघं अडकित्ता एकमेकांच्या हातातून ओढत असे भांडली की शेजारच्या टेबलावरून एक आजोबा उठून आले आणि त्यांनी चौथा शब्द सांगितला.

"पण बरोबर कोणता?" प्रशांत विचारत होता. "लिंग, बरोबर उत्तर काय?"

लिंगने खांदे उडवले. "माहीत नाही. हे आमच्याकडे कुठे असतं?"

आणि मैत्री हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज टेबलापलीकडे गेला. मोठी माणसं चुकतात आणि त्यांना कुणी काही करत नाही, हे बघून ती पोट धरून हसत होती. बापाकडे बघत होती आणि हसत होती. प्रशांत मात्र हसला नाही. त्याचा चेहरा बघून मला पहिल्या रात्रीचा चमचा आठवला आणि माझ्या डोक्यात सगळा उजेड पडला.

पाण्याकाठी

ताय पोला समुद्राची खाडी आत आली आहे, काठाने चालायला लांब रस्ता आहे. संध्याकाळी मी प्रशांतला मुद्दाम तिकडे घेऊन गेले. बाकावर बसवलं आणि सरळ सांगितलं की तुझा खेळ बंद कर.

"मी रागावतो का तिच्यावर? कधी आवाज चढवला का?"

"नाही. पण चमचा हातात घेऊन थांबतोस ना? तोंडाने मागितलं की पोरीची परीक्षा. बोट दाखवलं की परीक्षा नाही. मग ती काहून बोलल?"

त्याने पायातल्या चपला काढून बाकाखाली सरळ लावल्या. मग म्हणाला, "मावशी, सावनेरहून नागपूरले कॉलेजात आलो तवा पहिल्याच दिवशी सर म्हणे नाव सांग. मी उभा राहिलो अन् म्हटलं, 'मले ऐकू नाही आलं सर.' पूर्ण वर्ग हसला. वर्षभर मले 'मले' म्हणूनच हाक मारे पोट्टे. मी त वर्गात बोलणंच सोडून देल्लं. माह्या पोरीले कोणी हसू नये, एवढंच होतं माह्या मनात."

 मला त्याची फार माया आली. ज्या गोष्टीपासून तो पोरीला वाचवत होता, तीच गोष्ट तिला घरात झाली होती, आणि ते त्याचं त्यालाच बोलता बोलता उमगलं. 

मग त्यानेच विचारलं, "अन् चुकली त?"

"चुकू दे. तिने को म्हटलं की तू वाटी पुढे कर आणि बोलताना तुझा शब्द घाल. मासेवाला करतो तसं."

"अन् तिकीट?"

"तिकीट असू दे सध्या," मी म्हटलं. कारण माझीही खात्री नव्हती. धंतोलीत मी पुष्कळ आईबापांना धीर देते, पण पोर कधी बोलेल हे मला कुणी विचारू नये.

जेवणाचं टेबल

पुढचे दिवस प्रशांतने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. चमचा देताना हात अर्धा वर जायचा आणि ओठ दाबून तो खाली आणायचा. मैत्री बोटानेच दाखवत होती आणि तो मुकाट्याने देत होता. प्रत्येक वेळी ती घास तोंडात घालायच्या आधी त्याच्याकडे बघायची. प्रश्न येतो का, याची वाट बघत. माझे दिवस संपत आले. सुजाताने मैत्रीचे नागपूरच्या थंडीचे कपडे बॅगेत भरले, आणि भरताना एकेक फ्रॉक किती वेळ हातात धरून बसली.

मी निघायच्या थोडे दिवस आधी सुजाताने मी नेलेल्या मसाल्यात पाटोडी रस्सा केला. आमच्याकडचा असतो तसा, लालभडक. मैत्रीसाठी पाटोड्या, म्हणजे बेसनाच्या वड्या, रश्शाबाहेर वेगळ्या काढलेल्या. मैत्रीने आपल्या संपवल्या, बापाच्या ताटाकडे बघितलं. बोट उचललं. मग बोट तसंच राहिलं आणि ती म्हणाली,

"लोंग को."

दोन. आणि शब्द चुकीचा, कारण तुकड्यांना 'किन' लागतं, एवढं तोवर मलाही कळायला लागलं होतं. सुजाताचा हात पातेल्यातच थांबला. मी प्रशांतकडे बघायची हिंमत केली नाही.

"लोंग किन," प्रशांत म्हणाला. अगदी सहज म्हणाला. दोन पाटोड्या तिच्या ताटात ठेवल्या आणि स्वतःचा घास घेतला.

मैत्रीने त्याच्याकडे बघितलं. प्रश्न आला नाही. मग तिने एक पाटोडी खाल्ली आणि सांगायला सुरुवात केली. वर्गात कुणाची तरी चड्डी ओली झाली, का-यानने कुणाला तरी ढकललं, बाईंच्या टेबलावर एक कासव आहे. अर्धं मराठी, अर्धं कँटोनीज, आणि चड्डी, टेबल, कासव, सगळ्यांना को. जेवण निवलं. आम्ही तिघं ताटात हात ठेवून ऐकत बसलो. प्रशांतचे डोळे वाहत होते आणि तो मधूनमधून "थिउ", "चंग" असं हळूच घालत "मंग काय झालं?" विचारत होता.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात बोलली. एकच वाक्य, पण बोलली. फोफोने ते आम्हाला जिन्यातच हातवारे करून सांगितलं. प्रशांतने संध्याकाळी येऊन मैत्रीचं तिकीट रद्द केलं.

खरं सांगते, मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. मी इतके दिवस मनातल्या मनात त्या पोरीला नागपुरात फिरवत होते. फुटाळ्याच्या तलावावर नेत होते, संत्री सोलून देत होते. माझं हे, तर ताईचं काय? तिच्या घरात पलंग येऊन पडला होता. फोन करायला कुणीच तयार होईना, म्हणून मीच लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"ताई, पोरगी नाही येऊन राहिली माह्यासंग."

 मग, "काहून वं? बरं नाही का तिले?"

"बरी आहे. बोलून राहिली."

  मग ताई नाक ओढून म्हणाली, "मंग कशाले आणतं वं तिले आईपासून? राहू दे तिथीच." आणि लगेच, "दे बरं, ऐकव मले."

मैत्रीने फोन दोन्ही हातांनी धरला. आजीला तिने कासवाची गोष्ट सांगायला घेतली, आणि उत्साहाच्या भरात मराठी सुटली ती सुटलीच. सगळं कँटोनीज. ताईला त्यातलं एक अक्षर कळायची सोय नव्हती. मी पुढे वाकून म्हटलं, "ताई, ती म्हणून राहिली का बाईच्या टेबलावर—"

"तू चूप बस वं," ताई म्हणाली. "तिले बोलू दे."

मी मागे सरकले. मैत्री बोलत होती, आणि तिकडून, नागपूरहून, माझ्या बहिणीचा आवाज येत होता, "हाव... हाव माय... मंग?"